गल्ली मोकळी आहे

दर शनिवारी संध्याकाळी मोठ्या चौकात पोलीस गाड्या अडवतात, हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नसायला झालंय काय? दुपारीच दोन खांबांच्या मध्ये हा एवढा मोठा फलक लागायचा. 'दारू पिऊन वाहन चालवू नका. जीव अनमोल आहे.' त्याखाली साहेबांचा हसरा फोटो. मग पिवळे अडथळे यायचे, मग शिट्ट्या, आणि सगळ्यात शेवटी फुंकणी यायची. फुंकणी म्हणजे श्वास तपासायचं यंत्र. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण पहिल्याच आठवड्यात कोणीतरी फुंकणी म्हटलं आणि तेच चिकटलं.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, म्हणून उंदीर काळजी करतात म्हणे. इथे मांजरानंच हौसेनं घंटा बांधून घेतली होती, वर तिच्यावर स्वतःचा फोटोही डकवला होता.

फुंकणी असायची एका हवालदारबाईंच्या हातात. त्यामुळे अख्खा चौक त्यांना फुंकणीबाई म्हणायचा, आणि पाठीमागे नव्हे, तोंडावर. बाईंची त्याला हरकत नव्हती. हरकत होती ती दुसऱ्याच गोष्टीला. चौकाच्या जरा अलीकडे पडद्यांचं दुकान होतं आणि दुकानाला लागून एक गल्ली आत जायची, शाळेच्या मागच्या भिंतीला खेटून. बाई उभ्या असायच्या तिथून त्यांना दर शनिवारी तोच तमाशा दिसायचा. लांबून गाडी झोकात यायची, फलक दिसला की दचकायची, आणि निमूट गल्लीत वळायची. उभ्या जन्मात वळताना कधी दिवा न दाखवणारे लोक तिथे मात्र इमानदारीत दिवा दाखवून वळायचे. आणि आत शिरले रे शिरले, की हॉर्नवर हात आणि पायाखाली जोर. पोटात दारू, मनात पोलिसाची भीती, समोर अरुंद रस्ता; मग काय विचारता!

चौकात मात्र शुद्ध तुपासारखी माणसं फुंकून जायची. शून्य, शून्य, शून्य.

"जनजागृती, बाई, जनजागृती!" साहेब खूश होते. "सहा महिन्यांपूर्वी काय अवस्था होती आणि आज बघा. एकही दारुडा नाही माझ्या हद्दीत!"

साहेबांची खोली चौकीच्या वरच्या मजल्यावर होती आणि तिची खिडकी थेट चौकावर उघडायची. फलक तिथे का, अडथळे तिथेच का, या सगळ्याचं उत्तर त्या खिडकीत होतं. चहाचा कप हातात धरून साहेबांना आपलं काम बसल्या जागी दिसायला हवं होतं.

बाईंच्या घरी त्या आणि त्यांचे सासरे, अशी दोघंच. नवरा मालवाहू बोटीवर, वर्षातला बराच काळ पाण्यावर. सासऱ्यांनी उभी हयात बस चालवली. म्हातारा मोठा बोलघेवडा. "एवढ्या वर्षांत एका कोंबडीचं पीस पाडलं नाही मी," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. घरात टीव्हीवर पाठलाग चालू असला तरी सासरे, म्हणजे बाबा, खुर्चीत बसून ब्रेक दाबायचे. बाईंना हसू यायचं. नवऱ्यापेक्षा सासऱ्याशी तिचं जास्त जमतं, असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

बाईंचं माहेरही दोन इमारती सोडून होतं. थोरला भाऊ फरशीचा व्यापारी. दुकान चांगलं चाललेलं, स्वभाव दिलदार, हाक मारली की धावत येणारा. शनिवारी बाईंना उशीर व्हायचा, म्हणून बाबांचं जेवण वहिनीकडे. त्यासाठी घरच्या ग्रुपवर बाई दर शनिवारी एक ओळ टाकायच्या: 'आज चौकात ड्युटी. बाबांना वाढाल ना?' वहिनी खाली अंगठा दाखवायची आणि विषय संपायचा.

बाबांना उडवलं ते असल्याच एका शनिवारी.

बूट शिवायला टाकले होते ते आणायला ते चपला घालून निघाले होते. चांभार गल्लीच्या टोकाला बसायचा. अजून उजेड होता. बाई चौकात कुणाला तरी "जोरात फुंका हो, वाढदिवसाची मेणबत्ती नाही ती" म्हणत होत्या, तेवढ्यात गल्लीतला इस्त्रीवाला ओरडत आला. बाई फुंकणीसकट पळाल्या. शाळेच्या भिंतीपाशी, जिथे मुलांनी रंगीत अक्षरं काढली होती, तिथे बाबा कुशीवर पडले होते. एक चप्पल पायात, एक कुठे गेली कुणास ठाऊक. गाडी केव्हाच पसार झाली होती. पांढरी होती म्हणे. शहरातल्या निम्म्या गाड्या पांढऱ्याच.

"वळताना दिवा दाखवला गं त्यानं," बाबा दात आवळून म्हणाले. "पण मागे पोलीस येतात का ते बघत वळला तो. पुढे बघितलंच नाही."

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. भावानं त्या दिवसांत जी धावपळ केली तिला तोड नव्हती. औषधं आणली, डॉक्टरांच्या मागे लागला, घरून जाड उशी आणली, रोज बाबांच्या उशाशी बसला. आणि तावातावानं म्हणायचा, "असल्या नालायकांना भर चौकात उलटं टांगलं पाहिजे! पिऊन गाडी चालवतात साले! बाबा, तुम्ही बघा, सापडू तर द्या!"

बाईंना भरून यायचं. भाऊ असावा तर असा, असं त्यांना वाटायचं.

पण रात्री अंथरुणावर पडलं की एकच गोष्ट डोक्यात वळवळायची. ती गाडी गल्लीत गेली कशाला? चौकात आपण उभ्या होतो म्हणून. आपण तिथे नसतो तर तो सरळ चौकातून गेला असता. बाबांना उडवणाऱ्या गाडीला गल्लीचा रस्ता आपल्याच अडथळ्यानं दाखवला. या विचारानं बाईंची झोप उडाली, आणि झोप उडाली की माणसाचा राग वाढतो.

बाबा घरी आले त्याच्या पुढच्या सोमवारी त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, नाकाबंदी गल्लीत लावू या. शेवटच्या वळणावर. बाहेरून दिसत नाही."

"गल्लीत?" साहेबांनी कप खाली ठेवला. "गल्लीत कोण बघणार?"

"बघायला कशाला हवं कुणी? पकडायचं आहे ना?"

"बाई, तुमच्या घरी झालं ते वाईट झालं. मला कळतं. पण भावनेच्या भरात कामं करायची नसतात. आकडा बघा आकडा. शून्य!"

"साहेब, चाळणीत पाणी राहिलं नाही म्हणून पाऊसच पडला नाही असं म्हणतात का?"

साहेबांना हे आवडलं नाही. त्यांनी खिडकीकडे बोट केलं, म्हणजे बैठक संपली.

बाई जिना उतरल्या तेव्हा त्यांचे कान तापले होते. म्हातारं माणूस खाटेवर पडलंय, आणि हे साहेब शून्य कुरवाळत बसलेत! जो सापडत नाही तो अस्तित्वातच नाही, हा कुठला न्याय? घरातली झुरळं दिवा लावला की पळतात. म्हणून दिवा लावून ठेवायचा आणि घर स्वच्छ आहे म्हणायचं?

पुढच्या शनिवारी दुपारी त्यांनी सवयीनं ग्रुपवर ओळ टाकली, 'आज चौकात ड्युटी', आणि कामावर आल्या. फलक लागला. साहेबांचा फोटो हसू लागला. रस्त्यावरून एक पांढरी गाडी आली, दचकली, दिवा दाखवून वळली. गल्लीच्या तोंडाशी एक आजी नातीचा हात धरून भिंतीला चिकटली. गाडी गेल्यावर आजीनं आधी नात चाचपली, मग चौकातल्या पोलिसांकडे बघितलं. नुसतं बघितलं.

बाईंच्या डोक्याची शीर उठली. त्यांनी फुंकणी उचलली, दोन अडथळे हातगाडीवर टाकले आणि शिपायाला म्हणाल्या, "लंबू, चल."

"कुठं बाई?"

"गल्लीत."

लंबू नावाप्रमाणे उंच आणि स्वभावानं भित्रा होता. "साहेब खिडकीतून बघतील की!"

"फलक आहे ना जागेवर? त्यांना तोच बघायचा असतो."

चौकात दोन होमगार्ड ठेवले आणि बाईंनी शाळेच्या भिंतीपलीकडच्या वळणावर अडथळे लावले. गल्लीत शिरेपर्यंत ते कुणाला दिसत नव्हते, आणि शिरल्यावर मागे वळायला जागा नव्हती.

आणि मग लागली की रीघ! फुंकणी लाल व्हायला लागली ती हिरवी व्हायचं नावच घेईना. एकानं खोकल्याचं औषध घेतलं होतं. एकानं दाढीनंतर गालाला काहीतरी चोळलं होतं. एकजण म्हणाला, मी प्यालोच नाही, पिणाऱ्यांच्या शेजारी बसलो होतो. चौथ्यानं खाली उतरून बाईंच्या तोंडाजवळ तोंड आणून आवाज चढवला, "ओळखता का मला?" बाई म्हणाल्या, "नाही. म्हणून तर नाव विचारतेय." जो तो फोन लावून बाईंच्या कानाला नेत होता. घ्या, बोला, अमके बोलतायत, तमके बोलतायत. लंबूला घाम फुटला होता.

"बाई, हे सगळे वरपर्यंत पोचलेले दिसतात. कुणाकुणाला तोंड देणार?"

त्याच वेळी अजून एक गाडी गल्लीत शिरली, भसाभस हॉर्न वाजवत. लंबूनं वाकून आत बघितलं, त्याचा चेहरा उजळला, आणि त्यानं दोन आखूड शिट्ट्या मारल्या.

या दोन शिट्ट्यांचा अर्थ चौकीतल्या सगळ्यांना पाठ होता. घरचा माणूस आहे, सोडा. पोलिसाचा मेहुणा, पोलिसाचा साडू, पोलिसाचा चुलता, कोणीही असो. ओळखणाऱ्यानं दोन शिट्ट्या मारायच्या आणि पुढच्यानं अडथळा सरकवायचा. कुठे लिहिलेलं नव्हतं, कुणी शिकवत नव्हतं, आणि कुणी मोडतही नव्हतं. कारण घरचा माणूस कुणाला नसतो?

लंबूनं अडथळा सरकवला. गाडी पुढे आली. काच खाली होती. आत भाऊ होता, आणि शेजारी पट्टा दोन्ही हातांनी धरून बसलेली वहिनी.

"अगं, तू इथे?" भाऊ डोळे विस्फारून म्हणाला. "तू तर चौकात होतीस!"

बाई गाडीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. खिशातली शिट्टी काढली आणि एक लांबलचक शिट्टी मारली. फोनवर बोलणारे सगळे वळून बघू लागले.

"दादा, गाडी बंद कर."

"वेडी आहेस का? लंबूनं सोडलं ना मला."

"लंबूनं सोडलं. मी नाही सोडलं. बंद कर आणि फुंक."

"सगळ्यांसमोर?" भाऊ हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. आज दुकानदार मित्रांची शनिवारची पिण्याची बैठक होती. ती दर शनिवारी असायचीच. "मी तुझा थोरला भाऊ आहे, छोटे. तुला सायकल मी शिकवली."

"आणि वळणावर हळू जायलाही तूच शिकवलंस. फुंक."

"अगं पण नवीन काय करतोय मी?" भाऊ आता समजुतीच्या सुरात आला, अगदी लाडानं. "दर शनिवारी इथूनच येतो आम्ही. तुझी ग्रुपवर ओळ आली की मी पुढे मित्रांना कळवतो. तुझ्यामुळे आजवर आमच्यातला एक माणूस सापडला नाही! सगळे म्हणतात, बहीण असावी तर अशी. आणि तूच आज..."

बहिणीचा असा चेहरा त्यानं कधी बघितला नव्हता.

वरणभाताच्या निरोपाचा यानं हा उपयोग केला! दर शनिवारी आपण म्हाताऱ्याच्या जेवणाची सोय लावत होतो आणि हा त्याच ओळीवर दारुड्यांची सोय लावत होता. आणि दवाखान्यात उशाशी बसून कुणाला उलटं टांगत होता? त्यांनी फुंकणी घट्ट धरली.

"बाबांना लागलं त्या शनिवारी?"

"त्या दिवशी मी घरी होतो!" भाऊ ओरडलाच. "ताप होता मला. हिला विचार!"

वहिनी इतका वेळ समोरच्या काचेकडे बघत होती. "घरीच होते," ती म्हणाली. मग थांबली. मग म्हणाली, "पण निरोप पाठवला होता. अंथरुणात पडल्या पडल्या."

"तू गप्प बस!"

"दर शनिवारी गप्पच बसते," वहिनी म्हणाली आणि पट्टा सोडून खाली उतरली. दार तिनं आपटलं. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

भावानं फुंकलं. लाल.

यानंतर मजा बघा. ओळखता का मला म्हणणारा खाली मान घालून आपलं नाव सांगू लागला. ज्यांचे फोन बाईंच्या कानाशी येत होते त्यांनी ते मुकाट खिशात घातले. जिनं सख्ख्या भावाला सोडलं नाही तिला कुणाचा अमका आणि कुणाचा तमका! लंबूची शिट्टी बाईंनी त्याच्या गळ्यातून काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. लंबूनंही ती मागितली नाही.

साहेब आले ते धापा टाकतच. चौकात एक होमगार्ड टॉर्च घेऊन चालकांच्या तोंडात बघत होता, दातांच्या डॉक्टरासारखा. खिडकीतून तेवढं साहेबांना दिसलं होतं. गल्लीतली रांग बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"बाई! माझ्या हद्दीत इतके दारुडे? आले कुठून हे?"

"आले नाहीत साहेब. होतेच. आपण त्यांना इकडून वाट करून देत होतो."

"शून्य होतं, शून्य! वरती आता काय दाखवू मी?"

"बाबांच्या खुब्याचा एक्स-रे दाखवा. उद्या आणून देते."

साहेबांची नजर भावाकडे गेली. "आणि हे कोण?"

"माझा भाऊ."

"अहो, मग सोडा ना त्यांना!" साहेबांचा आवाज एकदम मवाळ झाला. "घरचा माणूस. त्यांनाही जाऊ द्या, यांनाही जाऊ द्या. अडथळे उचला. काही झालंच नाही असं समजू. तुम्हालाही बरं, मलाही बरं."

"साहेब, हा घरचा आहे. आणि खाटेवर पडलेत ते कोण, बाहेरचे?"

रांगेतल्या सगळ्यांचं लक्ष होतं. भिंतीशी ती आजी नातीला घेऊन उभी होती. इस्त्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून बाहेर आला होता. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, आणि इथे कोण बघणार असं विचारणाऱ्या माणसाला त्या दिवशी गल्लीत फार लोक बघत होते. ते परत गेले.

पुढं काय झालं तेही सांगून टाकतो, म्हणजे तुमचाही संताप व्हावा. गाड्या जप्त झाल्या, भावासकट सगळ्यांचे परवाने अडकले. साहेबांनी वरती कळवलं की आपण एक नवी योजना आखली होती: मुद्दाम चौकात फलक लावून दारुड्यांना गल्लीत ओढायचं आणि तिथे धरायचं. वरून शाबासकी आली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! आता नाकाबंदी कुठे लागणार हे निघेपर्यंत कुणाला सांगत नाहीत, आणि ती कल्पनाही साहेबांचीच. बाईंनी ते गिळलं. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना भिंतीला चिकटावं लागत नाही ना, मग नागोबा बसो की आणखी कोणी.

माहेरच्यांनी मात्र बाईंवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. मावशीनं फोन करून विचारलं, भावाला चौकीत बसवताना जीभ कशी झडली नाही तुझी? बाई म्हणाल्या, जीभ कामाची आहे मावशी, झडून कसं चालेल. भाऊ बोलायचाच बंद झाला. वहिनी रोज डबा घेऊन यायची, पण त्याचं नाव काढायची नाही.

मग एका रविवारी सकाळी तो आला. चालत. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. चांभाराकडे राहिलेले बाबांचे बूट त्यानं आणले होते, पॉलिश करून. खाटेशी ठेवले आणि उभाच राहिला.

"चालत आलास?" बाबांनी विचारलं. "बरं असतं. पोट आत जातं."

भाऊ हसला नाही. खुर्चीच्या कडेवर बसला. "बाबा, मी नाही ठोकलं तुम्हाला. शपथेवर सांगतो. लोक काय वाट्टेल ते बोलतायत."

"तू ठोकलंस असं मी कधी म्हटलं?"

"नाही, पण ही..." त्यानं बहिणीकडे बघितलं. "ही असं वागतेय की जणू मीच. अहो, मी तर घरात होतो. मी केलं काय? चार मित्रांना एक ओळ पाठवली. ओळीनं कुणाचं हाड मोडतं का?"

बाई दारात उभ्या होत्या. गेले कित्येक दिवस त्यांना हे सगळं ओरडून सांगायचं होतं. पण त्या ओरडल्या नाहीत.

"दादा, ती ओळ आहे ना फोनमध्ये अजून? बाबांना वाचून दाखव."

"आता कशाला?"

"वाच."

भावानं फोन काढला. बराच वेळ बोटानं वर सरकवत राहिला. सापडली तेव्हा त्यानं घसा खाकरला आणि शाळेतल्या पोरासारखी एका दमात वाचली. "'चौकात फुंकणी आहे. शाळेमागची गल्ली मोकळी आहे. बिनधास्त या.'"

बाबांनी वाकायचा प्रयत्न केला, कळ आली तसे थांबले, आणि एक बूट हातानं वर उचलून घेतला. शिवण नीट बसली आहे का ते बघितलं.

"मोकळी कुठं होती रे," ते म्हणाले. "मी होतो ना तिथं."